डिझेलचे डोहाळे

माझ्या एकुलत्या एका (आणि म्हणून दुसरी निवडायला वावच नसलेल्या) ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. वाकून म्हटलं खरं, पण पाचवा महिना सरत आल्यामुळे नमस्कार निम्म्यातच अडकलाय. अर्धा पत्रातून घे, उरलेला भेटीत. तुझी पाठ कशी आहे? कुंड्या उचलू नका असं डॉक्टरांनी सांगितल्यावर तू 'बरं' म्हणाली होतीस, म्हणजे उचलत असणारच. रोपवाटिकेत मदतीला येणारी ती बाई अजून येते, की तिचंही तुझ्याशी वाजलं? गुलाबाची कलमं धरली का? आणि जेवतेस ना वेळेवर? एकट्या माणसाचं जेवण म्हणजे पातेल्यातून थेट तोंडात, हे मला माहीत आहे. निदान बसून जेवत जा.

एवढं जाड पाकीट पाहून छातीत धस्स होऊ देऊ नकोस, इकडे सगळे खुशाल आहेत. मग फोन का नाही केला? कारण आमच्या घरात फोन ही सार्वजनिक वस्तू आहे. मी नुसतं 'ताई' म्हटलं की सासूबाई गुडघ्यांचं औषध विचारायला सरसावतात, सासरे आतून 'तिकडे व्होल्टेज कसं आहे?' असं ओरडतात, थोरली फोन हिसकावून घेते आणि धाकटा त्यावरचं लाल बटण दाबतो. त्या लाल बटणाच्या पलीकडे आपलं एक तरी बोलणं गेलंय का अलीकडे, सांग बरं. म्हणून हे पत्र. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना लिहितेय. (दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत 'हे स्पष्ट दिसतं की ते?' एवढंच विचारायचं. स्वतःला काय स्पष्ट दिसतं, हे विचारायला कुणी फिरकत नाही.)

तर बातमी अशी, की आम्ही गाडी घेतली. जुन्या लाल गाडीची कंपनीने पाच जणांसाठी म्हणून जाहिरात केली होती, पण त्यातला पाचवा माणूस त्यांनी केवळ सौजन्य म्हणून मोजला असावा. आम्ही सहा. चालवायला मी, कारण आमच्या मास्तरांनी शाळेच्या फाटकाशी झालेल्या त्या भेटीनंतर गाडी चालवणं कायमचं सोडलं. (फाटक अजून त्यांच्या वर्गाकडे कललेलं आहे. मुलं म्हणतात, पृथ्वीचा आस समजायला सोपा जातो.) माझ्या शेजारी सासूबाई, गुडघ्यांमुळे. मागे सासरे, मास्तर, थोरली, आणि ज्याची मांडी जागी असेल त्याच्या मांडीवर धाकटा. आता सातवं येणार हे कळल्यावर (तू हसायची थांबतच नव्हतीस त्या दिवशी; तेवढ्यात लाल बटण दाबलं गेलं) ह्या व्यवस्थेला तडे जायला लागले. माझं पोट आणि स्टिअरिंग यांच्यात एक वही सरकेल एवढीच जागा उरली. शेवटचा घाव बसला तो तपासणीहून परतताना. गाडीचे बाकी सगळे दरवाजे एकाएकी आतून-बाहेरून उघडेनात. उघडत होता फक्त माझ्या बाजूचा. एकेक जण माझ्या सीटवरून बाहेर पडला. सासूबाई मात्र गिअरच्या दांड्यावर अडकल्या आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये पडली. त्या घरी आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "एक तर गाडी बदला, नाही तर मला."

मग बसली बैठक. बैठक जागांवरून सुरू झाली आणि इंजिनावर येऊन आपटली. मास्तरांचं म्हणणं, विजेचीच घ्यायची. पृथ्वी तापतेय, बर्फ वितळतोय, सातवीच्या पुस्तकात धडाच आहे आणि तो शिकवणाऱ्याने धूर सोडत शाळेत जाणं बरं दिसत नाही. (मास्तर शाळेत चालत जातात, ही बाब त्यांनी विचारात घेतली नाही.) सासरे ताडकन उठले. हयात वीज खात्यात मीटर वाचण्यात गेलेला माणूस, त्यामुळे विजेवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. दिवा लावतानासुद्धा ते बटणाकडे असे बघतात, की जणू एखादा उधळ्या मुलगा पुन्हा पैसे मागायला आलाय. त्यांना पेट्रोल हवं होतं. ते डोळ्यांना दिसतं, नाकाला कळतं, आणि संपलं तर बाटलीतून आणता येतं. वीज कुणी बाटलीतून आणलीय? सासूबाई म्हणाल्या, इंजिन कसलंही बसवा, मला पाय न उचलता आत बसता आलं पाहिजे आणि उतरताना कुणी 'सावकाश' म्हणायचं नाही. थोरलीला एक खिडकी हवी होती, जिच्यात दुसऱ्या कुणाचं कोपर नसेल. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी म्हटलं, "डिझेल."

मी घाईघाईने चढणीबद्दल, ताकदीबद्दल, टॉर्कबद्दल बोलले. माझ्या तोंडून टॉर्क ऐकून मास्तरांनी चष्मा काढून पुसला. शेवटी सासरेच म्हणाले, "असू दे, डोहाळे असतील. माझी आई खडू खायची." त्या दिवसापासून घरात शब्दच पडला, सूनबाईंना डिझेलचे डोहाळे लागलेत. शेजारच्या शिंपिणीने तर पंपाजवळून जाताना मला नाक दाबायला सांगितलं, बाळाला व्यसन लागेल म्हणून.

ताई, डोहाळे कसले होते ते तुला सांगते. दुकानासमोर एक मालवाहू गाडीवाला थांबतो. तो सहज म्हणाला होता, डिझेलची टाकी एकदा काठोकाठ भरली की माणूस घाट उतरून नदीपलीकडे जाऊन परत येतो, मध्ये कुणाचं तोंड बघावं लागत नाही. घाट उतरून नदीपलीकडे कोण राहतं? बस. माझ्या डोक्यात तेवढंच राहिलं. टॉर्क-बिर्क मी नंतर पाठ केलं.

गाड्यांच्या दुकानात आम्ही सहाही गेलो. तिथे विकायला एक पन्नाशीच्या बाई होत्या, केसांत पेन खोचलेल्या, सपाट चपला घातलेल्या. दिवसभर उभं राहणाऱ्या बाईला दिवसभर उभं राहणारी बाई ओळखते. त्यांनी पहिल्यांदा मला खुर्ची दिली. मग विचारलं, रोजचं रनिंग किती? मी सांगितलं: घर, शाळा, दुकान, भाजी, दवाखाना, घर. त्या हसल्या. "एवढंच? मग डिझेलला हात लावू नका. ती गाडी रोज अशी जवळजवळच फिरवली ना, की तिच्या धुराच्या जाळीत काजळी साचते. तिला अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर लांब पळवावं लागतं. नाही तर गुदमरते बिचारी."

ताई, माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. माझं इतकं नेमकं निदान आजवर एकाही डॉक्टराने केलं नव्हतं. बाईंनी विचारलं, लांब कुठे नेहमी जाता का तुम्ही? पाच जण एका सुरात म्हणाले, "नाही." आणि मी म्हटलं, "हो." सासूबाई वळल्या. "कुठे गं?" मी म्हटलं, "जात नाही. पण जाऊ शकतो ना." बाईंनी केसांतलं पेन काढलं, पुन्हा खोचलं, आणि डिझेलची किल्ली आणली.

आणि बघ माझं नशीब. एवढे डोहाळे लागलेले, पण ती गाडी सुरू झाली, तिचा पहिला वास नाकात शिरला, आणि मी उतरून धावले ती थेट कोपऱ्यातल्या मोठ्या कुंडीपर्यंत. (झाड प्लॅस्टिकचं होतं. तू असतीस तर म्हणाली असतीस, आयुष्यात पहिल्यांदा खत मिळालं त्याला.) डिझेलचा निकाल तिथेच लागला. मी खुर्चीवर डोळे मिटून बसले आणि पोरीच्या हातातून खेळणं काढून घेतल्यासारखं मला झालं.

त्याच गाडीत तिसऱ्या रांगेत सासरे मात्र राहून गेले होते. जागा तपासतो म्हणून मागे शिरले, ते गुडघे कानांशी घेऊन बसले. निघता येईना, आणि येत नाही म्हणवेना. "मी इथे बरा आहे," असं आतूनच सांगत राहिले. मास्तर आणि दुकानातला एक पैलवान अशा दोघांनी मिळून त्यांना टप्प्याटप्प्याने बाहेर काढलं. मग गॅसची गाडी पाहिली. तिच्या डिकीत सिलिंडरच पाय पसरून बसलेला. बाळाची ढकलगाडी कुठे ठेवायची विचारलं, तर माहिती देणारा म्हणाला, मांडीवर. आमच्याकडे मांड्या आधीच कमी आहेत. मग हायब्रीड, म्हणजे पेट्रोलही आणि वीजही, कधी हिचं चालायचं कधी तिचं, ते गाडीनेच ठरवायचं. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे दोन सासवांचं घर. नको." सासऱ्यांची पेट्रोलची गाडी चांगली होती, पण तिची पायरी उंच. सासूबाईंनी पाय टाकला, काढला, आणि मागून धाकटा गोड आवाजात म्हणाला, "आजी, सावकाश." पेट्रोलही गेलं.

शेवटी विजेची. सासरे हाताची घडी घालून बाहेरच उभे. सासूबाई मात्र नुसत्या वळल्या आणि बसल्या. सीट त्यांच्या उंचीला येऊन थांबल्यासारखी. मी बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबणार तेवढ्यात बाई म्हणाल्या, सुरू आहे, चला. आवाज नाही, थरथर नाही. (सासरे शेवटी चढले, पण रस्ताभर दोन्ही पाय जमिनीपासून चार बोटं वर उचलून बसले. शॉक लागला तर फक्त बसलेल्या भागाला लागावा, असा हिशेब असावा.) अर्ध्या वाटेत मला शेजारून घोरणं ऐकू आलं. ताई, सासूबाईंना गुडघ्यांमुळे रात्र रात्र झोप नसते. कूस बदलतानाची त्यांचं कण्हणं भिंतीपलीकडून मला ऐकू येतं. आणि त्या तिथे तोंड किंचित उघडं टाकून लहान मुलीसारख्या झोपल्या होत्या. मास्तर मागून कुजबुजले, अजून एक चक्कर घे. मी तीन घेतल्या. परत आल्यावर सासरे पाय खाली टेकवून बराच वेळ बायकोच्या तोंडाकडे पाहत बसले, आणि मग खाकरून म्हणाले, "हीच घ्या. हिला उठवू नका."

असा आमचा इंजिनाचा प्रश्न घोरण्याने सुटला. गाडी आली. पांढरी आहे, सात जणांची आहे, थोरलीला खिडकी मिळाली आहे. सगळे खूश आहेत आणि मीही आहे, खोटं कशाला सांगू.

पण गाडी आली त्या संध्याकाळी मास्तरांनी जेवणाच्या टेबलावर मोठा नकाशा पसरला. कंपासमध्ये पेन्सिल घातली, टोक आमच्या घरावर रोवलं आणि एक वर्तुळ काढलं. म्हणाले, एकदा पूर्ण चार्ज केली की आपलं जग एवढं. तुझं गाव त्या रेघेच्या जेमतेम आत आलं, ताई. दाराच्या आत पाऊल टाकून उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखं. मी पट्टी घेऊन पुन्हा पुन्हा मोजलं. मास्तर म्हणाले, "जाता येईल. येता येणार नाही." आणि नकाशा गुंडाळून कपाटावर ठेवला.

तसं पाहिलं तर तुझ्याकडे आम्ही येतच होतो की. सकाळी सहाजण तुझ्या दारात, दुपारी जेवण, चार वाजता चहा, आणि मास्तरांचं घड्याळाकडे पाहणं. आपण दोघी भेटायचो कुठे, तर ओट्याशी. तू भांडी विसळत, मी पुसत. आणि वाक्य अर्ध्यात आलं की कुणाला तरी पाणी हवं असायचं. आई गेली तेव्हासुद्धा आपण पाळीपाळीने रडलो, ताई. तू रडलीस तेव्हा मी चहा टाकला, मी रडले तेव्हा तू कप गोळा केलेस. दोघींनी एकदम रडावं एवढी उसंत त्या घरात कुणी दिलीच नाही, आणि पुढे मागायची लाज वाटली. मला तुझ्याकडे जेवायला यायचं नाहीये. मला तुझ्या खोलीत गादी टाकून झोपायचंय, दिवा मालवल्यावर. लहानपणी तू त्या भुताची गोष्ट सांगायचीस, ज्याला आपल्या काकांसारखाच खोकला होता. ती ऐकायची. मग काहीच बोलायचं नाही. मग मध्येच कुणीतरी 'झोपलीस?' विचारायचं, आणि दुसरीने 'नाही' म्हणायचं. एवढेच डोहाळे आहेत. बाकी मी सगळं खाते, लोणचंसुद्धा कुणाला मागत नाही. पण हे तिसरं एकदा जगात आलं की पुढची कितीतरी वर्षं माझी रात्र माझी नसणार, हे मला दोन अनुभवांवरून माहीत आहे.

असो. गाडीचं सांगायला बसले आणि कुठे येऊन ठेपले. पाठ जप. बसून जेव.

इथे राहून तिकडे असणारी,
तुझी धाकटी

ता.क. मुख्य काम राहिलंच. तुझ्या विहिरीच्या पंपाला जो जाड पिनेचा प्लग आहे, तो अजून चालू आहे का? त्याच्याजवळ गाडी उभी राहील का? मधल्या कुंड्या हलवाव्या लागतील (तू नको, त्या बाईला सांग). त्याचं असं झालं, की कंपनीचा आकडा सासऱ्यांना मान्य नाही. खात्यातला माणूस, स्वतः वाचल्याशिवाय कुठलंही मीटर मानत नाही. म्हणाले, गाडीत कमीत कमी वजन ठेवून, लांब मोकळ्या रस्त्याने, एकदा शेवटपर्यंत पळवून पाहिली पाहिजे. आता गाडी चालवणारी घरात मी एकटी, आणि असा रस्ता तेवढा तुझ्याच दिशेला. मी पडेल चेहऱ्याने तयार झाले. डॉक्टरीणबाईंनीही मधे मधे थांबत, पाय मोकळे करत जायला हरकत नाही म्हटलंय. त्यावर सासरे विजयी मुद्रेने म्हणाले, "पण सूनबाई, घरगुती प्लगवर ही भरायला अख्खी रात्र घेईल, वर दुसऱ्या दिवसाची दुपार. राहावं लागेल तुम्हाला तिकडे! मी सांगत होतो ना, वीज म्हणजे असा त्रास असतो." मी म्हटलं, "काय करणार, बाबा." आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून हसले. पेट्रोलच्या गाडीने आजवर मला नेलं आणि परत आणलं, एकदाही ठेवलं नाही गं.

ता.ता.क. गाड्या विकणाऱ्या बाईंनी मला एकटीला बाजूला घेऊन सांगितलंय, की तुझ्या गावाच्या अलीकडेच रस्त्यावर झटपट चार्जिंगचं यंत्र बसलंय, गप्पा मारत चहा प्यावा तेवढ्यात गाडी भरते. हे तू कधीही ऐकलेलं नाहीस. तसंच, सासूबाई सोबत यायच्या म्हणत होत्या. त्यांना मी सांगितलंय की तू दाराला आता तीन उंच पायऱ्या करून घेतल्यास. एकच आहे, मला माहीत आहे. पुढेमागे त्या आल्याच तर दोन बांधून घे.

ता.ता.ता.क. (वेगळ्या अक्षरात)

ताईंना मास्तरांचा नमस्कार. वरचं काहीही मी वाचलेलं नाही. हिने पानं दुमडून पिना मारून दिली आहेत आणि पिनांवर सही केली आहे. 'तब्येतीची काळजी घ्या' एवढंच लिहायची मला परवानगी आहे. तब्येतीची काळजी घ्या.

आता परवानगीबाहेरचं (पाकीट मीच चिकटवणार आहे). तुमच्या गावाच्या अलीकडे जलद चार्जिंगची सोय झाली आहे. नकाशावर ती जागा मी आधीच पाहून ठेवली होती. त्या संध्याकाळी ही पट्टी घेऊन मोजायला लागली, तेव्हा मी त्या खुणेवर अंगठा ठेवून उभा होतो. बाबांना, ते यंत्र बहुधा बंदच असतं, असं सांगून ठेवलं आहे. भूगोलाच्या शिक्षकाने सांगितलेलं ते तपासत नाहीत. हिला मात्र यातलं काही कळू देऊ नका. आपण नवऱ्याला फसवतोय, अशी हिची समजूत आहे, आणि ह्या आठवड्यात मी तिला प्रथमच गुणगुणताना ऐकलं.

एक रात्र पुरणार नाही, दोन ठेवून घ्या. मुलांचं आम्ही बघू. ही हल्ली झोपेत 'ताई' म्हणून हाक मारते. शेजारी मीच असतो, म्हणून मी 'ओ' देतो. ती क्षणभर थांबते, कूस बदलते, आणि पुन्हा हाक मारते.